आवाज बसला

४ मार्च

प्रिय बारकीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तूही बरी असशील. नसतीस तर मला कळवायच्या आधी तू अख्ख्या शाळेला कळवलं असतंस.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. माझा आवाज जरा बसलाय, फोनवर बोलायला त्रास होतो, म्हणून म्हटलं लिहावं. 'आवाज बसला' हे वाचून तुला फोकसदादा आठवला असणार. मला तर लिहितानाच आठवला. शूटिंगला माझं नाव 'आवाज' आणि तुझं 'चेहरा' त्यानेच पाडलं होतं. मी दमून खुर्चीत टेकले रे टेकले की तो कॅमेऱ्यामागून ओरडायचा, 'अरे, आवाज बसला.' की सगळं युनिट हसायचं. 'आवाज जेवला का?' 'हो, चेहरा राहिलाय.' दोघी चांगल्या धडधाकट मुली, आणि दोघींना पुरुष करून टाकलं होतं मेल्याने.

आता बातमी. तुझ्या भाचीला मोठं काम मिळालंय. एक कंपनी जुनी गाणी नव्याने बाहेर काढते आहे, आणि प्रत्येक गाण्याला नवा व्हिडिओ करते आहे. तिला यादीतून एक गाणं निवडायला सांगितलं. तिने आपलं निवडलं. आईचं आहे, मावशीचं आहे, हे तिने तिथे सांगितलंही नाही. काम हातात पडल्यावर सांगितलं म्हणे. पोर तुझ्यावर गेली आहे, आतल्या गाठीची.

परवा तिने मला समोर बसवून विचारलं, 'आई, तुमच्या वेळी गाण्यांचे व्हिडिओ कसे करायचे?' मी म्हटलं, आमच्या वेळी ते नव्हतेच, आम्ही ते केले. जरा जास्तच ऐटीत म्हटलं, पण मग तिला सगळं सांगावं लागलं. टीव्हीवर आधी गाणं कसं दिसायचं हे ऐकून तिचा विश्वासच बसेना. मागे पडदा, बाजूला फुलदाणी, मध्ये गायक. मान झुकवून सुरू, मान झुकवून बंद. कॅमेरा फार तर हळूहळू पुढे यायचा आणि कंटाळला की फुलदाणीकडे बघायचा. मग आपल्या गाण्याला चाल लावणारे मास्तर म्हणाले, गाण्याला स्वतःचा छोटा सिनेमा का नसावा? मागेपुढे गोष्ट नको, हिरो नको, गाण्यात आहे तेवढंच दाखवायचं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. एकजण तर म्हणाला, गाणं ऐकायचं असतं, बघायचं असेल तर फुलदाणी काय वाईट आहे.

भाचीने विचारलं, 'मग पडद्यावर तू का नाहीस?' सगळे हेच विचारतात, आणि विचारताना चेहरा पाडतात. मी तिला खरं ते सांगितलं. आधी मीच उभी राहिले होते. फोकसदादाने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, 'बाई, गाताय की दात काढून घेताय?' खोटं नव्हतं. मी गाताना डोळे गच्च मिटायचे, तोंड डावीकडे जायचं, कपाळावर आठ्यांचं जाळं. आणि तू मागे भिंतीला टेकून माझी नक्कल करत होतीस, घरी करायचीस तशी. तेच डावीकडे जाणारं तोंड, त्याच आठ्या, पण तू केलंस की ते बघत राहावंसं वाटायचं. मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि निकाल लागला. मला चिडवता चिडवता तू माझा प्रत्येक श्वास पाठ करून ठेवला होतास.

तो बंद पडलेला छापखाना आठवतो? कोपऱ्यात ओली पोती जाळून केलेला धूर, मोठा पंखा, आणि हवेत उडणारे कोरे कागद. मास्तरांना सगळं संथ तरंगताना हवं होतं. त्यासाठी फिल्म दुप्पट वेगाने फिरवायची आणि गाणंही दुप्पट वेगाने वाजवायचं, म्हणजे नंतर सावकाश दाखवलं की ओठ बरोबर जुळतात. माझा आवाज कसा झाला होता, चिमणीने भांडण काढावं तसा. सगळे हसून लोळायचे, मास्तरसुद्धा. एक तू हसली नाहीस. त्या चिवचिवाटावर तुझे ओठ कात्रीसारखे चालायचे. आणि पडद्यावर बघितलं तर कागद तरंगतायत, केस तरंगतायत, आणि मधोमध तू इतकी शांत गाते आहेस की मलाच वाटलं, ही खरी गाणारी, मी कोण?

आणि ते 'वळण'. 'अजून उभी मी वळणावरती.' रेकॉर्डिंगला मी 'वळणा' वर श्वास घेतला आणि मग 'वरती' म्हटलं. हॉलची वेळ संपत आली होती, व्हायोलिनवाले पेट्या बंद करत होते, पुन्हा घेणं शक्य नव्हतं. शब्दाचे दोन तुकडे कायमचे टेपवर बसले. मी रडायच्या बेताला आले होते. तू म्हणालीस, 'तायडे, तू काळजी करू नकोस, मी बघते.' आणि शूटिंगला 'वळणा' झाल्याबरोबर तू मान वळवलीस, जणू मागून कुणी हाक मारली. माझा श्वास तुझ्या मानेमागे लपला. मग 'वरती'ला डोळे वर. पुढे गावोगावच्या मुली ती मान वळवायला लागल्या. एका समीक्षकाने लिहिलं की तो विराम म्हणजे स्त्रीच्या प्रतीक्षेचं मौन आहे. प्रतीक्षा कसली, मला सर्दी झाली होती.

त्यानंतर दिवसभर गाणीच दाखवणारी वाहिनी आली. व्हिडिओ इतके भराभर तुटायला लागले की पापणी लवली की तीन माणसं बदललेली. मग ते सगळं मोबाइलमध्ये शिरलं आणि आडवं होतं ते उभं झालं. भाची म्हणते, आता व्हिडिओ उभा असतो, कारण माणूस फोन उभा धरतो. गाण्याचाही एखादा घासच घेतात. आणि तो घास कुठला घेतलाय माहीत आहे? आपलं 'वळणा… वरती'. तुझ्या शाळेतल्या मुलांच्या वयाची पोरं मान वळवून फोनसमोर उभी राहतात. ती मान कुणाची हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि दर वेळी माझी छाती फुगते.

आता जे काढायचं नाही असं आपण न बोलता ठरवलंय ते काढते. त्या संध्याकाळी तू स्टेजवर आपलं गाणं करत होतीस आणि माझ्या आवाजाची टेप अडकली. अडकली ती टेप. तुझे ओठ पुढे चालत राहिले, कारण तुझं काम चोख होतं. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात तू 'आयत्या बिळावर नागोबा' झालीस. मी पेपरवाल्यांकडे जाऊन भांडले होते, ते तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की त्यातला एकजण मला म्हणाला, 'बाई, तुमचा आवाज तिने चोरला, तरी तुम्ही तिची बाजू घेता?' मी म्हटलं, चोरलेली वस्तू कोणी इतकी जपत नाही. पण तू तर तोवर सामान बांधलं होतंस.

शूटिंग या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. आपल्याच जिन्यावर, मधल्या वळणावर. फोकसदादाही येणार आहे. तू नुसती बघायला ये. भाची तुला कॅमेऱ्यासमोर बोलावणार नाही, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. समोर मीच उभी राहणार आहे. वाचलंस ते बरोबर आहे. जिचे ओळखपत्रावरच्या फोटोतसुद्धा डोळे मिटलेले आहेत, ती.

येशील ना?

तुझी,
ताई

ता. क. फोन करू नकोस. तुझे भावजी उचलतील आणि हवापाण्यावर तुझा जीव घेतील.

११ मार्च

तायडे,

नमस्कार वगैरे.

मी येणार नाही. भाचीचं मनापासून कौतुक आहे, तिला मी वेगळं लिहिते. पण ते गाणं, तो स्पीकर, ती माणसं, मला ते पुन्हा नको. तुला जमेल, तू कर. मला माझ्या वर्गात बरं वाटतं. माझ्या मुलांना ऐकू येत नाही, त्यामुळे इथे कुणाची टेप अडकत नाही.

आता तुझं सांग. मी दोन रविवार फोन केला. दोन्ही वेळा भावजी म्हणाले, तू आंघोळीला गेली आहेस. त्याआधी तुम्ही महिनाभर 'सहलीला' होतात. तुला बोट लागते, बस लागते, झोपाळासुद्धा लागतो. कुठली सहल?

आणि पत्र मी तीनदा वाचलं. पानंच्या पानं गाण्याबद्दल लिहिलंस आणि स्वतःबद्दल एकदाही 'गाते' लिहिलं नाहीस. सगळं मिटायचे, जायचं, होतं. मी दिवसभर मुलांना ओठांवरून शब्द वाचायला शिकवते. जे बोललं जात नाही ते वाचणं हेच माझं पोट आहे. मला फसवू नकोस.

सर्दीने बसलेला आवाज इतके दिवस बसून राहत नाही. काय झालंय ते लिही.

बारकी

१६ मार्च

प्रिय बारके,

तू लहानपणापासूनच डोक्याने माझ्यापुढे होतीस. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई उगाच म्हणायची नाही. पकडलंस. सांगते.

सहल हॉस्पिटलची होती. घशात गाठ निघाली. वाईट जातीची होती, पण वेळेवर सापडली, पूर्ण काढली, आता धोका नाही असं डॉक्टर सांगतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. गाठीबरोबर एक स्वरतंतू काढावा लागला. दुसरा एकटाच आहे, आणि एका हाताने टाळी वाजत नाही. आता मी बोलले की सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज येतो, तोही शेजारी बसलेल्या माणसालाच. तो परत येणार नाही. बसला तो बसला.

मागच्या पत्रात भाचीला 'मी म्हटलं, मी म्हटलं' असं जे लिहिलं, ते सगळं मी पाटीवर लिहून म्हटलं होतं. भाचीने आणून दिली आहे, पुसायची कापडी पट्टी लावलेली. माझ्या आंघोळीच्या थापा तुझ्या भावजींच्या. इतक्या आंघोळी मी जन्मात केल्या नसतील. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, दर वेळी फोन ठेवला की ते घामाने भिजायचे. खरी आंघोळ त्यांनाच लागायची.

रडले का? रडले. ऑपरेशनच्या आधी नाही, नंतरही नाही. एकदा सकाळी डाळ निवडता निवडता सवयीने गुणगुणायला लागले आणि काहीच झालं नाही. हात निवडत होते, तोंड उघडं होतं आणि स्वयंपाकघर गप्प होतं. तेव्हा खूप रडले. रडण्यालाही आवाज नव्हता, त्यामुळे बाहेर बसलेल्या तुझ्या भावजींना कळलंच नाही. ते आत येऊन मला विचारतात, चहा टाकतेस का?

तुला कळवलं असतं तर तू धावत आली असतीस. माझ्यासमोर बसून मऊ बोलली असतीस. मला ते नको होतं. सगळ्या जगाने मऊ बोलून झालंय. आवाज माझा गेला आहे, पण लोक माझ्याशी ओरडून बोलतात, जणू कानच गेलेत. दुकानात गेले की 'काय? काय?' दुकानदाराची बायको तर माझ्या तोंडाला कान लावते. वाण्याकडून साबण आणणं म्हणजे तालीम झाली आहे. मग मीच जाणं बंद केलं.

हे सगळं चालू असताना भाची ते गाणं घेऊन आली. तिच्या मनात एखादी तरुण नटी होती. मी पाटीवर लिहिलं, 'मी.' तिला वाटलं, चेष्टा करते. मी पुसून पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. का ते सांगते. आयुष्यभर लोकांनी मला बिचारी म्हटलं: गाते ही आणि मिरवते ती. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, शपथेवर. माझा आवाज तुझ्या तोंडून निघताना बघणं, हे सुख कुठल्या गाणाऱ्या बाईला मिळालं असेल? पण आता गोष्ट वेगळी आहे. आता माझ्याकडेही तेवढंच उरलंय जेवढं तुझ्याकडे तेव्हा होतं. टेपवरचा तो आवाज, आणि मुके ओठ. मला बघायचं आहे, जे तू केलंस ते मला जमतं का.

जमत नाही. रोज आरशासमोर उभी राहते. गाणं माझं, श्वास माझे, शब्द न् शब्द माझा, आणि माझेच ओठ मागे पडतात. मासा काचेवर तोंड आपटतो तशी दिसते. तुझे भावजी म्हणाले, 'छान झालं.' ज्या माणसाला आंघोळीची थाप मारता येत नाही त्याने ही मारली, यावरून समज.

लोकांना वाटलं, तू काहीच करत नव्हतीस. नुसते ओठ हलवत होतीस. आता मला कळलंय 'नुसते' म्हणजे काय. ही गोष्ट मला तुला समोरासमोर सांगायची आहे, आणि समोरासमोर मला सांगता येत नाही. म्हणजे इतर कुणाला नाही. तुला येईल. हे मला काल रात्री सुचलं आणि मी अंथरुणात उठून बसले. जगात एकच माणूस आहे जो मला 'काय?' म्हणणार नाही.

नुसती बघायला ये असं लिहिलं होतं ते विसर. मला कीव नको, शिकवणी हवी आहे. मला ओठ हलवायला शिकव. नाही जमलं तर नाही म्हण, मी एकटी उभी राहीन, मासा तर मासा.

वाट बघते,
आवाज (बसलेला)

६ एप्रिल

प्रिय बारके,

पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. तू होतीस तेवढे दिवस घर भरलेलं होतं. आता तुझे भावजी दर तासाला विचारतात, बारकी पोचली का नीट. चार दिवस झाले पोचून.

तू दारात उभी राहिलीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॅग खाली ठेवलीस, रडायच्या तयारीत होतीस, आणि मी ओठ हलवून म्हटलं, 'जाड झालीस.' तू पटकन म्हणालीस, 'तू पण.' ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी कुणाला काही म्हटलं आणि समोरून उत्तर आलं. मध्ये 'काय?' नाही, पाटी नाही. त्यानंतर आपण दोन दिवस इतक्या बोललो की भाची म्हणाली, घरात एकाच माणसाचा आवाज येतो आणि तरी भांडण दोघींचं चाललेलं कळतं.

आणि तुझी शिकवणी. मास्तरीणबाई, तुमच्या वर्गातल्या मुलांचं कसं होत असेल देव जाणे. 'ओठ शब्दाच्या आधी उघड. आधी श्वास दिसू दे, मग शब्द.' 'गळा हलत नाहीये, परत.' आणि मग ते: 'तायडे, नुसतं तोंड नको हलवूस. गा.' मी पाटी उचलायला गेले तर तू ती काढून घेतलीस. तू म्हणालीस, तेव्हा तू स्पीकरखाली खरंच मोठ्याने गायचीस, बेसूर, पोट आत जाईपर्यंत, आणि म्हणूनच पडद्यावर ते खरं वाटायचं. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. मग मी गायले. हवा तर हवा. फुस्स फुस्स करत पूर्ण अंतरा गायले. आवाज गेल्यापासून मला कुणी गा म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं.

शूटिंगचं तुला सगळं माहीत आहे, पण तू माझ्या समोर कॅमेऱ्याजवळ उभी होतीस, त्यामुळे तुझ्या पाठीमागचं तुला दिसलं नाही. मी पायरीवरून उठले तेव्हा फोकसदादा स्टुलावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, 'आवाज उभा राहिला.' तू ते ऐकलंस असं मला वाटलं नाही. कुणी हसलं नाही. त्याने चष्मा काढून पुसला आणि मग उलटाच घातला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. भाचीने दुसरा एक फोन जिन्याच्या कठड्यावर लावून ठेवला होता, उजेड बघायला. तो चालूच राहिला. त्याचं तोंड तुझ्याकडे होतं.

टेक मला आठवतो तसा असा. गाणं लागलं, मी गात होते, म्हणजे हवा सोडत होते, आणि माझी नजर तुझ्यावर. तू माझ्याबरोबर ओठ हलवत होतीस. 'अजून उभी मी वळणा', आणि इथे मी मान वळवायची होती. आपण शंभरदा घोकलं होतं. मी विसरले. मान वळवायच्या ऐवजी मी श्वास घेतला. तोच, त्याच जागी, तेव्हा घेतला होता तसाच दिसणारा, उघड्या तोंडाने. अंगाला इतक्या वर्षांनंतर ठाऊक होतं की इथे हिला हवा लागते. मला वाटलं, सगळं मुसळ केरात.

काल भाचीने मला जोडलेला व्हिडिओ दाखवला. उभी चौकट, उभा जिना, वळणावर उभी मी. सुरकुत्या आहेत, गळ्यावरचा वण आहे, तोंड डावीकडे जातंय. भाचीने काही झाकलं नाही आणि मला ते आवडलं. 'वळणा' येतं. मी श्वास घेते. आणि त्या श्वासात एकदम तू दिसतेस, चष्मा, शाळेत घालतेस ती निळी साडी, हातात माझी पाटी. तू मान वळवतेस. जणू मागून कुणी हाक मारली. मी विसरले आणि तू माझा श्वास झाकलास, कॅमेरा तुझ्यावर नसताना. मग 'वरती', आणि पुन्हा मी.

मी तो तुकडा किती वेळा पाहिला ते विचारू नकोस. बारके, मी रेकॉर्डिंगच्या खोल्यांतून आयुष्य काढलं, बक्षिसं घेतली, टाळ्या घेतल्या. पण इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. तुझा. आणि हो, माझाही.

शेवटी नावं येतात. पहिल्या व्हिडिओत माझं नाव नव्हतं, आणि स्टेजच्या त्या संध्याकाळनंतर तुझंही काढून टाकलं होतं. भाचीने दोघींची नावं एकाच ओळीत लिहिली आहेत. पुढे 'आवाज आणि चेहरा' एवढंच. कुठलं कुणाचं ते लिहिलेलं नाही.

पण कबूल केलं होतं की तुला कॅमेऱ्यासमोर आणणार नाही. भाची म्हणते, मावशी नाही म्हणाली तर तो तुकडा काढून टाकीन. मी तुला आग्रह करणार नाही. लोक पुन्हा काय म्हणतील मला सांगता येत नाही. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा. ती सोबत व्हिडिओ तुझ्या फोनवर पाठवते आहे. बघ. ठेवायचा की काढायचा ते तू ठरव.

तुझाच,
आवाज

१३ एप्रिल

तायडे,

व्हिडिओ आला. तीन दिवस मी तो उघडला नाही. चौथ्या दिवशी वर्गात नेला. घरी एकटीने बघायची हिंमत नव्हती, आणि माझ्या मुलांपुढे मला कशाचीच लाज वाटत नाही.

त्यांना मी सांगितलं नाही की गाणारी कोण आहे, किंवा तिला आवाज नाही. त्यांच्या दृष्टीने कुणालाच नसतो. फोन फळ्याच्या कडेला उभा करून ठेवला आणि म्हटलं, ओठ वाचा, लिहा.

पहिल्या व्हिडिओवर मी हा प्रयोग मागे एकदा केला होता, तुला कधी सांगितलं नाही. माझे ओठ इतके संथ तरंगतात की मुलांना अर्धेच शब्द लागले होते. एक मुलगी म्हणाली होती, बाई, तुम्ही सुंदर दिसता पण काय म्हणता ते कळत नाही.

तुझे सगळे शब्द लागले. सगळ्या पाट्यांवर, सगळ्या ओळी. एकाने तर 'वळणा' लिहून पुढे मोकळी जागा सोडली आणि मग 'वरती' लिहिलं. मी विचारलं, ही जागा कशाला? त्याने हाताने खूण करून सांगितलं, इथे ती श्वास घेते आणि तुम्ही तिच्यासाठी थांबता.

तुझं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. पण बसला वगैरे जे म्हणतात ते खोटं आहे. ज्यांना जन्मात कुणाचा आवाज ऐकू आला नाही त्यांच्यापर्यंत तुझा पोचला.

ठेव. मला काढू नकोस.

तुझाच,
चेहरा